नियमातून उगवलेले खांब

सुमारे २.७ मीटर उंचीचा एक खांब डोळ्यांसमोर आणावा. तो दगडाचा नाही आणि लाकडाचाही नाही. १ मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचे २,७०० तक्ते एकावर एक रचून तो उभा केलेला आहे. दुरून पाहिल्यास तो जुन्या ग्रीक देवळातल्या खांबाची आठवण करून देतो, कारण त्याला तसाच दंड आहे आणि वर तसेच शीर्ष आहे. जवळ गेल्यावर मात्र त्याच्या अंगावर घड्या, घड्यांमध्ये पाकळ्या, पाकळ्यांवर शिरा आणि शिरांवर आणखी बारीक कंगोरे दिसू लागतात, आणि नजर जितकी जवळ न्यावी तितके नवे काही तरी सापडत जाते. हा खांब कोणत्याही छताला आधार देत नाही, म्हणून त्याला शिल्प म्हणावे असे वाटते. पण त्याचा घाट, त्याची प्रमाणे आणि त्याची वंशावळ हे सारे वास्तुकलेचे आहे. मिखाएल हान्समायर या वास्तुरचनाकाराने २०१० च्या सुमारास असे खांब घडवायला सुरुवात केली आणि त्यानंतर सुमारे १५ वर्षांनी, २०२५ मध्ये, त्याच विचारातून स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगराळ खेड्यात ३० मीटर उंचीची खरीखुरी इमारत उभी राहिली. या वाटेवरच्या तीन कलाकृती नीट समजून घेतल्या, तर संगणकीय भूमितीमुळे शिल्प आणि वास्तू यांच्यातली सीमा नेमकी कुठे पुसट होते आणि कुठे ती अजूनही ठाम आहे, हे दाखवता येते. माझ्या मते ती दिसण्यामुळे पुसट होत नाही. ती पुसट होते ती नक्षी आणि बांधणी एकाच हिशेबातून निघू लागतात तेव्हा, आणि म्हणून आधी तो हिशेब समजून घेणे भाग आहे.

पुठ्ठ्याच्या खांबावरची एकही घडी कोणी हाताने रेखाटलेली नाही. त्यामागे एक नियम आहे, आणि तो नियम पुन्हा पुन्हा लावलेला आहे. या नियमाचे मूळ १९७८ मधले असून एडविन कॅटमल आणि जिम क्लार्क या दोन संगणकशास्त्रज्ञांनी तो मांडला. कॅटमल पुढे पिक्सार या ॲनिमेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. कोनाकोनांच्या ओबडधोबड आकारापासून संगणकाने गुळगुळीत आकार कसा तयार करावा, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्यांनी फक्त सरासरीच्या आधारे दिले. हा नियम समजायला शाळेतल्या भूमितीपलीकडे काहीही लागत नाही.

२० सेंटिमीटर कडेचा एक घन घेऊ. त्याला ६ पृष्ठे, १२ कडा आणि ८ शिरोबिंदू असतात, हे आपण सगळे शिकलेलो आहोत. घनाच्या केंद्रापासून पृष्ठाचा मध्य १० सेंटिमीटरवर असतो, कडेचा मध्य १४.१ सेंटिमीटरवर असतो आणि कोपरा १७.३ सेंटिमीटरवर असतो. घन टोकदार का दिसतो, ते या तीन आकड्यांतल्या फरकातच आहे. आता नियम लावू. प्रत्येक पृष्ठावर एक नवा बिंदू घ्यायचा, जो त्या पृष्ठाच्या चारही कोपऱ्यांची सरासरी असेल, म्हणजे तो पृष्ठाच्या मध्यावरच येईल. प्रत्येक कडेसाठी एक नवा बिंदू घ्यायचा; कडेची दोन टोके आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या पृष्ठांवरचे नवे बिंदू अशा चार बिंदूंची ती सरासरी असेल, त्यामुळे तो कडेपासून थोडा आत सरकतो. शेवटी जुन्या कोपऱ्याची जागाही बदलायची. घनाच्या कोपऱ्यावर तीन कडा मिळतात, आणि अशा ठिकाणी कोपऱ्याची नवी जागा ठरवताना शेजारच्या पृष्ठांच्या बिंदूंची सरासरी एका भागाने आणि शेजारच्या कडांच्या मध्यबिंदूंची सरासरी दोन भागांनी मिसळतात. हे बिंदू आपापसांत जोडले की ६ पृष्ठांच्या जागी २४ लहान पृष्ठे होतात. कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला तर पृष्ठाचा मध्य पूर्वीसारखाच १० सेंटिमीटरवर राहतो, कडेचा बिंदू १०.६ वर येतो आणि कोपरा १७.३ वरून थेट ९.६ वर उतरतो. एका फेरीतच तिन्ही अंतरे जवळजवळ सारखी झाली आणि खोक्याचा चेंडू व्हायला लागला.

हाच नियम पुन्हा लावला की २४ पृष्ठांची ९६ होतात, मग ३८४, मग १,५३६. प्रत्येक फेरीत चौपट होत होत दहाव्या फेरीअखेर ६२,९१,४५६ पृष्ठे होतात. आकार तोपर्यंत इतका गुळगुळीत झालेला असतो की एकेक पृष्ठ डोळ्यांना दिसतही नाही. ॲनिमेशनपटांतले गाल, बोटे आणि कपड्यांचे पडणारे झोळ याच पद्धतीने तयार होतात. पिक्सारने १९९७ मधल्या एका लघुपटात म्हाताऱ्या माणसाचा चेहरा आणि हात या रीतीने घडवून दाखवले, आणि त्यानंतर ती रीत चित्रपटसृष्टीत सर्वत्र रुजली.

हान्समायरने जे केले ते सांगायला सोपे आहे आणि त्याचा परिणाम मात्र थक्क करणारा आहे. त्याने नियम तोच ठेवला आणि त्यातली वजने बदलली. सरासरी काढताना कोणत्या बिंदूला किती महत्त्व द्यायचे, नवा बिंदू पृष्ठाच्या पातळीवरच ठेवायचा की पृष्ठाच्या बाहेर किंवा आत ढकलायचा, हे आकडे त्याने हलवले. गुळगुळीत करणे हा ज्या नियमाचा उद्देश होता, तोच नियम मग आकाराला घड्या पाडू लागला, फोडू लागला, शाखा फुटल्यासारखा बाहेर काढू लागला. पहिल्या काही फेऱ्यांत मोठी वळणे तयार होतात, पुढच्या फेऱ्यांत त्या वळणांवर लहान वळणे येतात, आणि असे करत हातभर मापापासून मिलिमीटरच्या मापापर्यंत प्रत्येक पातळीवर काही ना काही घडत राहते.

एकाच प्रकारची पुनरावृत्ती कधी गुळगुळीत का करते आणि कधी खरखरीत का, हे कळण्यासाठी १९०४ मध्ये स्वीडनचे गणिती हेल्गे फोन कॉख यांनी मांडलेली एक आकृती फार उपयोगी पडते, म्हणून थोडे आडवळण घेतो. समभुज त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूचे तीन सारखे भाग करावेत, मधला भाग पुसावा आणि त्या जागी बाहेर आलेले लहान टोक काढावे. एका रेषेच्या चार झाल्या आणि एकूण लांबी पूर्वीच्या चार तृतीयांश झाली. हे दहा वेळा केले की परिमिती मूळच्या जवळपास १७.८ पट होते आणि पुढे वाढतच राहते. क्षेत्रफळ मात्र कितीही वेळा केले तरी मूळ त्रिकोणाच्या ८/५ पटीच्या पुढे जात नाही. म्हणजे जागा मर्यादित आणि तिची कड अमर्याद. कॅटमल आणि क्लार्क यांचा नियम प्रत्येक फेरीत कोपरे आत ओढतो, तर कॉखचा नियम प्रत्येक फेरीत नवे कोपरे बाहेर काढतो. हान्समायरचे खांब या दोन टोकांच्या मधे कुठे तरी आहेत आणि कुठे थांबायचे हे त्या वजनांच्या आकड्यांवर ठरते.

खांबाच्या बाबतीत सुरुवात साध्या खोक्यापासून होत नाही. डोरिक या जुन्या ग्रीक शैलीच्या खांबाचे एक अगदी ठोकळेबाज रूप संगणकाला दिले जाते, ज्यात दंड किती, शीर्ष किती, मानेचा भाग किती, दंडावरच्या उभ्या खाचा कशा आणि त्याचा सूक्ष्म फुगवटा कुठे एवढी माहिती असते. खांबाच्या वेगवेगळ्या भागांना वेगवेगळी वजने देता येतात, त्यामुळे शीर्षावर एक प्रकारची नक्षी उगवते आणि दंडावर दुसऱ्या प्रकारची, तरीही दोन्ही एकाच घराण्यातल्या वाटतात. यात नशिबाचा खेळ कुठेही नाही, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. संगणकाला फासे टाकायला सांगितलेले नसते. तेच आकडे पुन्हा दिले तर अगदी तोच खांब पुन्हा मिळतो, कंगोऱ्याला कंगोरा जुळतो. तरीही आकडे देणाऱ्याला तो खांब कसा दिसेल हे आधी सांगता येत नाही, कारण लाखो बिंदूंची सरासरी डोक्यात करून पाहणे कोणालाही शक्य नाही. निकाल पूर्णपणे ठरलेला असतो आणि तरीही तो अनपेक्षित असतो. अशा वेळी कलावंताचे काम बदलते. तो आकडे थोडे हलवतो, आलेला आकार पाहतो, अनेक आकार बाजूला टाकतो, एखादा ठेवतो आणि त्याच्या आसपासचे आकडे पुन्हा तपासतो. चांगल्या कणसांचे बियाणे राखून पुढच्या हंगामात पेरणाऱ्या शेतकऱ्याची निवड आणि ही निवड यांत मला बरेच साम्य दिसते, कारण दोघेही जे उगवते ते घडवत नाहीत, पण काय टिकावे हे मात्र तेच ठरवतात.

पडद्यावरचा आकार प्रत्यक्षात आणणे ही वेगळीच अडचण होती. साठ लाखांच्या आसपास पृष्ठे असलेला खांब कोरायला कोणता कारागीर बसवायचा? हान्समायरने आकाराचे आडवे काप घेतले. प्रत्येक १ मिलिमीटर उंचीवर खांब आडवा कापला तर कापाची कड कशी दिसेल, हे संगणकाने काढले आणि त्या कडेप्रमाणे एकेक तक्ता यंत्राने कापला. सांगायला हे सरळ वाटते. करताना प्रत्येक कापाला अडथळे येतात. खांबाची घडी स्वतःच्याच आत शिरलेली असेल तर कड स्वतःलाच छेदते आणि तो गुंता सोडवावा लागतो. बाहेरून न दिसणारे आतले तुकडे काढून टाकावे लागतात. एखादी पाकळी मूळ भागाला अगदी अरुंद पट्टीने जोडलेली असेल तर ती पट्टी ठरावीक रुंदीपेक्षा बारीक होऊ न देण्याची काळजी घ्यावी लागते, नाही तर ती तक्त्यापासून तुटून पडेल. शेवटी वजन कमी करण्यासाठी प्रत्येक तक्ता आतून पोकळ करावा लागतो आणि सगळे तक्ते मधल्या दांड्यांमध्ये ओवून उभे करावे लागतात. गणिताच्या जगात वजन, जाडी आणि तुटणे नसते. त्या पट्टीची किमान रुंदी ठरवावी लागली, तिथेच या शिल्पात वास्तूचा पहिला शिरकाव झाला असे मी मानतो.

आपल्याकडे याची ओळख पटायला फार लांब जावे लागत नाही. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचे शिखर पाहावे. भूमिज शैलीच्या या शिखरावर चार दिशांना चार उभे पट्टे वर जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत लहान शिखरांच्या रांगा एकावर एक चढत, वर जाताना लहान होत जातात. शिखराच्या अंगावर शिखरेच आहेत. अंबरनाथच्या शिवमंदिरातही हीच रीत आहे. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ.स. १०६०, असा काळ दिलेला आहे. या मंदिराच्या बाहेरच्या भिंतीजवळ उभे राहून नजर खालून वर नेली, तर जोत्यावर पडलेला प्रत्येक कोन भिंतीवरून तसाच वर चढत शिखरापर्यंत गेलेला दिसतो, आणि भिंत कुठे संपली नि नक्षी कुठे सुरू झाली, हे बोट ठेवून सांगता येत नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राचे प्राध्यापक कीर्ती त्रिवेदी यांनी १९८९ मध्येच एका शोधनिबंधात हिंदू मंदिरांच्या रचनेचा विचार स्वसदृश भूमितीच्या, म्हणजे लहान भाग मोठ्या भागासारखाच असणाऱ्या आकारांच्या, अंगाने मांडला होता. मात्र साम्य दाखवताना फरकही सांगायला हवा. मंदिर घडवणाऱ्या स्थपतीला शेवटी काय उभे राहणार आहे हे पहिल्या दिवशी माहीत असते, आणि छिन्नी चालवणारा तक्षक त्या ठरलेल्या रूपाकडे जात असतो. पुठ्ठ्याच्या खांबात नियम आधी येतो आणि रूप नंतर कळते.

दुसरी कलाकृती २०१३ मधली आहे. हान्समायर आणि त्याचा सहकारी बेन्यामिन डिलेनबुर्गर यांनी झ्युरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात काम करत असताना फ्रान्समधल्या ओर्लेआँ शहरातील फ्राक सेंटर या संस्थेसाठी एक संपूर्ण दालन घडवले आणि त्याला ‘डिजिटल ग्रोटेस्क’ असे नाव दिले. ग्रोटेस्क हा शब्द इटालियन भाषेतल्या गुहावाचक शब्दावरून आला आहे. रोममध्ये सम्राट नीरोच्या जमिनीखाली गाडल्या गेलेल्या प्रासादातील दालने पंधराव्या शतकात सापडली तेव्हा लोकांना त्या गुहाच वाटल्या, आणि त्यांच्या भिंतींवरच्या वेलबुट्टीत माणसे, पशू नि पाने एकमेकांतून निघत गेलेली होती, म्हणून तशा अलंकरणाला ते नाव पडले. ओर्लेआँच्या दालनासाठी ते नाव चपखल बसते. १६ चौरस मीटर जागेत, ३.२ मीटर उंचीचे, सुमारे ११ टन वजनाचे हे दालन वाळूचे आहे, आणि त्याच्या आकारात सुमारे २६ कोटी पृष्ठे आहेत. घडण ठरवायला एक वर्ष, छापायला एक महिना आणि जुळवायला एक दिवस लागला.

वाळू छापायची म्हणजे काय, हे इथे सविस्तर सांगायला हवे. ज्यांनी कोल्हापूर परिसरातल्या फाउंड्रीत वाळूचा साचा पाहिलेला आहे त्यांना ते लगेच कळेल, कारण हे छपाईयंत्र मुळात ओतकामाचे साचे करण्यासाठीच तयार झालेले आहे. एका मोठ्या पेटीत यंत्र वाळूचा अगदी पातळ थर पसरते. वरून शाईच्या प्रिंटरसारखे एक तोंड फिरते आणि जिथे घन भाग हवा आहे तेवढ्याच जागी चिकट द्रव फवारते. बाकीची वाळू सुटीच राहते. मग पेटीचा तळ थोडा खाली जातो, दुसरा थर पसरतो, पुन्हा फवारा बसतो. पेटी भरेपर्यंत बाहेरून पाहणाऱ्याला फक्त सपाट वाळू दिसते. सुटी वाळू आतल्या घन भागांना चहूबाजूंनी आधार देत असल्यामुळे लोंबणारे, पोकळ, एकमेकांत अडकलेले आकार कोणत्याही टेकूशिवाय तयार होतात. शेवटी माणसे ब्रशने नि हवा खेचणाऱ्या नळ्यांनी सुटी वाळू काढत जातात आणि वाळूच्या ढिगातून हळूहळू पाकळ्या, कमानी, कंगोरे वर येऊ लागतात. वेरूळचे कैलास लेणे आठवल्याशिवाय राहत नाही. आठव्या शतकात तिथल्या कारागिरांनी डोंगर वरून खाली कोरत नेला, नको असलेला दगड काढला आणि सुमारे ३० मीटर उंचीचे मंदिर मोकळे केले. तेही शिल्प आहे की वास्तू, असा प्रश्न विचारला तर उत्तर देताना अडखळायला होते. फरक एवढाच की वेरूळला काय ठेवायचे हे छिन्नीच्या प्रत्येक घावाला ठरत होते, आणि इथे ते वाळू पसरण्याआधीच ठरलेले असते.

या पद्धतीत एक आर्थिक गोष्ट दडलेली आहे आणि ती मला सौंदर्याइतकीच महत्त्वाची वाटते. छपाईला लागणारा वेळ पेटीच्या आकारमानावर अवलंबून असतो. त्या पेटीत साधा ठोकळा छापला काय किंवा हजार पाकळ्यांचा आकार छापला काय, यंत्र तेवढेच थर पसरते. दगडात कोरीव काम करताना प्रत्येक जादा पानासाठी कोणाला तरी जादा तास बसावे लागते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला व्हिएन्नाचे वास्तुरचनाकार आडोल्फ लोस यांनी अलंकरणाविरुद्ध जो मोठा युक्तिवाद केला, त्याचा एक प्रमुख आधार हाच होता की नक्षी म्हणजे कारागिराच्या श्रमाचा आणि साहित्याचा अपव्यय आहे. पुढच्या पिढ्यांनी उभारलेल्या सपाट भिंतींच्या इमारतींमागे या विचाराचा वाटा मोठा आहे. यंत्राला मात्र नक्षीसाठी जादा मजुरी द्यावी लागत नाही, त्यामुळे लोस यांच्या मुद्द्याचा हा आधार तरी इथे उरत नाही. भिंतीवर नक्षी असावी की नसावी हा प्रश्न पुन्हा निव्वळ रुचीचा आणि अर्थाचा होतो, आणि माझ्या मते तो तसाच असायला हवा.

हान्समायर आणि डिलेनबुर्गर यांनी २०१७ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू सेंटरमधल्या प्रदर्शनासाठी अशीच दुसरी रचना केली. ती ३.४५ मीटर उंच असून तिच्यात सुमारे १३५ कोटी पृष्ठे आहेत, आणि वजन मात्र सुमारे ७ टन, म्हणजे पहिल्या दालनापेक्षा कमी आहे.

ओर्लेआँच्या दालनात माणूस उभा राहू शकतो, वर पाहू शकतो, त्याला वेढल्यासारखे वाटते. एवढ्यावरून त्याला वास्तू म्हणता येईल का? शिल्पाभोवती आपण फिरतो आणि वास्तूत आपण शिरतो, ही नेहमीची कसोटी इथे लावली तर ते वास्तूच ठरते. पण ते एका मोठ्या सभागृहाच्या आत उभे होते. पावसापासून, वाऱ्यापासून, भूकंपापासून कोणाचे रक्षण करण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती, आणि त्यावर मजला चढणार नव्हता. बांधकामाच्या जागेवर काम केलेल्या कोणालाही विचारावे. तो इमारतीची ओळख भारावरून सांगेल. कॉलम काय पेलतो, बीम कुठे टेकतो, लोखंड किती आहे, हे त्याचे प्रश्न असतात. या प्रश्नांना सामोरी जाईपर्यंत संगणकीय भूमितीची सगळी कामे शिल्पाच्याच अंगणात राहतात, असे माझे मत आहे.

तिसरी कलाकृती या प्रश्नांना सामोरी जाते. स्वित्झर्लंडच्या ग्राउबुंडेन प्रांतात यूलियर खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुलेन्स नावाचे खेडे आहे, आणि ही इमारत उभी राहिली तेव्हा तिथे जेमतेम ११ माणसे राहत होती. या प्रदेशातले लोक एके काळी मिठाई आणि केक बनवण्याचे कसब घेऊन युरोपभर पोटापाण्यासाठी गेले होते. ओरिगेन या सांस्कृतिक संस्थेच्या पुढाकाराने आणि ईटीएचच्या संशोधकांच्या साहाय्याने या गावात मे २०२५ मध्ये ‘टोर आल्वा’ खुला झाला. रोमान्श या तिथल्या भाषेत त्याचा अर्थ ‘पांढरा बुरूज’. हान्समायर आणि डिलेनबुर्गर यांनीच त्याची रचना केली आहे. मलईची नक्षी काढलेल्या उंच केकसारखे त्याचे रूप त्या मिठाईवाल्यांची आठवण म्हणून मुद्दाम ठेवलेले आहे. ३० मीटर उंचीच्या या बुरुजाला ३२ खांब आहेत, ते वर जाताना नाजूक होत जातात आणि त्यांना फांद्या फुटतात, आणि अगदी वर घुमटाखाली छोटेखानी नाट्यगृह आहे.

आपल्याकडे कॉलम कसा भरतात हे सर्वांनी पाहिलेले असते. आधी लोखंड बांधतात, मग चारही बाजूंनी सेंट्रिंगच्या फळ्या लावतात, आत काँक्रीट ओततात आणि ते घट्ट झाल्यावर फळ्या काढतात. कॉलम चौकोनी किंवा गोल असतो त्याचे एक मोठे कारण म्हणजे फळ्या तशा असतात. टोर आल्वाच्या खांबांना सेंट्रिंगच नाही. यंत्रमानवाच्या हाताला लावलेल्या तोंडातून काँक्रीटची जाडसर वळी बाहेर पडते, आणि चकलीच्या सोऱ्यातून पीठ पडावे तशी ती थरावर थर रचत वर चढते. इथे मिश्रणाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात: तोंडातून बाहेर पडताना ते इतके मऊ हवे की खालच्या थराला चिकटेल, आणि बाहेर पडल्यावर ते इतक्या लवकर घट्ट व्हायला हवे की पुढच्या थरांच्या वजनाखाली बसणार नाही. म्हणून गोठण्याचा वेग वाढवणारे द्रव्य अगदी शेवटच्या क्षणी, तोंडाजवळच मिसळतात. लोखंडाचा प्रश्न त्याहून अवघड होता, कारण काँक्रीट दाब उत्तम सोसते आणि ताणाला लगेच तडकते, म्हणून सळयांशिवाय भार वाहणारा खांब करता येत नाही. यासाठी दुसरा यंत्रमानव कामाला लावला. एक थर रचत असताना दुसरा ठरावीक अंतरावर त्यात लोखंडी कडी बसवत जातो, आणि उभ्या सळया खांब छापून झाल्यावर आतल्या पोकळ्यांतून घालतात. जगातली सर्वांत उंच थ्रीडी छापील इमारत म्हणून टोर आल्वाचा उल्लेख होतो, पण मला त्या उंचीपेक्षा त्या कड्या अधिक मोलाच्या वाटतात.

खांबांवरची नक्षी या थरांमधूनच निघते. तोंडाचा मार्ग किंचित आतबाहेर वळवला की पृष्ठभागावर लाट उमटते, आणि लाटेवर लाट चढली की वेणी पडल्यासारखे दिसते. ती वर चिकटवलेली नाही, गिलाव्यात काढलेली नाही; खांब ज्या वळीने उभा आहे तीच वळी नक्षी आहे. सपाट पातळ पत्र्यापेक्षा नालीदार पत्रा अधिक ताठ असतो, हे घरावर पत्रे घालणाऱ्या कोणालाही माहीत असते. पातळ पोकळ कवचाला पडलेल्या वळ्यांचा तसाच उपयोग होऊ शकतो. म्हणून मला वाटते की पुठ्ठ्याच्या खांबात जे फक्त दिसत होते ते इथे प्रत्यक्ष भाराला सामोरे जाते, आणि शिल्पाचा पृष्ठभाग नि वास्तूचा कणा या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत.

आक्षेपही आहेत, आणि ते गंभीर आहेत. छापता येण्याजोग्या काँक्रीटमध्ये मोठी खडी घालता येत नाही, त्यामुळे त्यात सिमेंटचे प्रमाण नेहमीपेक्षा जास्त ठेवावे लागते, आणि सिमेंट तयार करताना कार्बन डायऑक्साइड मोठ्या प्रमाणावर बाहेर पडतो. खांब पोकळ असल्यामुळे काँक्रीट कमी लागते ही जमेची बाजू असली, तरी दोन्ही गोष्टी एकत्र तोलल्याशिवाय या पद्धतीला पर्यावरणस्नेही म्हणणे घाईचे होईल. दुसरा आक्षेप रुचीचा आहे. मिलिमीटरपर्यंत सगळीकडे सारखीच दाट नक्षी असली की डोळ्याला विसावा मिळत नाही. अंबरनाथला दाट नक्षीमध्ये देवतेची एक मूर्ती येते आणि नजर तिथे टेकते. डिजिटल ग्रोटेस्कची छायाचित्रे पाहताना मला अशी टेकण्याची जागा अनेकदा सापडत नाही. नियम किती वेळा लावता येतो हे यंत्राने सांगितले, पण कुठे लावू नये याची जाण अजून माणसालाच दाखवावी लागते, आणि टोर आल्वाचे खांब मला अधिक आवडतात ते त्यांच्यात हा संयम दिसतो म्हणून.

या बुरुजाची आणखी एक गोष्ट नेहमीच्या इमारतीत सापडत नाही. त्याचे भाग ईटीएचमध्ये छापून, वाहनांवर घालून डोंगरातल्या त्या गावात आणले आणि तिथे एकमेकांना अशा रीतीने जोडले की ते न तोडता पुन्हा सुटे करता यावेत. मुलेन्समध्ये तो सुमारे पाच वर्षे उभा राहील, त्यानंतर उतरवला जाईल आणि दुसऱ्या ठिकाणी पुन्हा उभारता येईल. खांब मोजून, क्रमाने गाडीत भरून, एखाद्या मूर्तीसारखा तो गावाबाहेर नेला जाईल.